फुलाची पट्टी

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. यांच्या फोटोपुढे चहा ठेवला, फुलं बदलली. काताहिरा-सान बागेतले दोन मुळे देऊन गेले. दुपारी दोनला हारुएच्या खानावळीत वर्षाची चहाची बैठक. खेळणारे सात. सानो पाच, मोरिया तीन, काताहिरा-सान तीन. बाकीच्यांचे आकडे हिशेबाच्या वहीत. साडेचारला घरी. गुडघा दुखतोय.

त्या दिवशीच्या पानावर एवढं आहे, आणि खाली आणखी एक ओळ आहे. ती शेवटी सांगते. मिशनच्या निवासी शाळेत आम्हांला सिस्टर मार्गारित होत्या. रोज झोपण्याआधी सगळ्या मुलींच्या वह्या तपासायच्या. काय घडलं ते वहीत लिहायचं, काय वाटलं ते प्रार्थनेत सांगायचं, असा त्यांचा दंडक होता. मी प्रार्थना कधीच सोडली, पण वही बासष्ट वर्षं तशीच चालू आहे. त्यामुळे काताहिरा यासुजींना पाचपैकी तीन मिळाले, यात काय झालं ते माझ्या वहीत सापडणार नाही. म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

यासुजी मूळचे आमच्या डोंगरातले नव्हेत. ते खाली समुद्रकाठचे, याइझूचे. घरी मासे वाळवायचा धंदा, चार भावांतले तिसरे. १९७३च्या एप्रिलमध्ये ते काताहिरांच्या घरी घरजावई म्हणून आले आणि इकडचं आडनाव लावलं. माझ्या वहीत त्या दिवशी आहे: "काताहिरांचा जावई आला. फार उंच. वाकून नमस्कार केला, वर उठताना चौकटीला डोकं आपटलं. किनुए हसली." किनुए म्हणजे त्या घरची एकुलती मुलगी. घराच्या मागे सरळ चढणीवर त्यांचा वरचा मळा आहे. तिच्या पणजोबांनी दगड रचून रचून केलेला. दुपारी एकनंतर तिथे समोरच्या डोंगराची सावली पडते, सकाळी नदीवरून धुकं चढतं. आमच्या खोऱ्यात चहा सगळ्यांचाच चांगला, पण त्या मळ्याच्या चहाला एक वेगळा वास आहे, ओल्या दगडाचा म्हणा किंवा नुकत्या सोललेल्या शेंगेचा. मला नीट सांगता येत नाही. प्यायलं की कळतं.

सासरा कान्झो कडक माणूस होता. त्यानं जावयाला वर्षभर चहा वळायच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. "अंगाला मासळीचा वास येतो," म्हणायचा. "चहा वास धरतो. आधी हा धुऊन निघू दे." यासुजी दिवसातून तीनदा आंघोळ करायचे. आमच्या पोस्टात तिकिटं घ्यायला आले की आधी विचारायचे, "वहिनी, खरं सांगा, येतो का वास?" माझे यजमान पोस्टमास्तर, म्हणून मी सगळ्या गावाची पोस्टातली वहिनी. मी म्हणायची, "साबणाचा येतो. फार येतो."

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना पहिल्यांदा चहाच्या बैठकीला बसवलं. हा आमच्याकडचा जुना खेळ. चाकाबुकी म्हणतात. पाच प्रकारचे चहा. प्रत्येकाला एक नाव: फूल, पक्षी, वारा, चंद्र आणि पाहुणा. आधी पाच ताटल्यांत कोरडी पानं फिरवतात, कुठलं नाव कुठल्या चहाला ते सांगतात. पानं बघायची, हुंगायची. मग तेच पाच चहा आत उकळत्या पाण्यात करून, क्रम बदलून, एकेक करून आणतात. खेळणाऱ्याच्या हातात पाच नावांच्या पाच लाकडी पट्ट्या. घोट घ्यायचा, ओळखायचं, ती पट्टी त्या कपाच्या पेटीच्या फटीतून आत टाकायची. पट्टी एकदा पडली की परत नाही. त्यामुळे पहिल्या कपाला चूक झाली तर पुढे कुठेतरी दुसरी होणारच, कारण ज्या चहाची ती पट्टी, तो समोर येईल तेव्हा हातात ती नसते.

यासुजींना त्या वर्षी शून्य मिळालं. सासरा सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळे मिटून टाकल्या असत्या तरी एखादी लागली असती." सगळे हसले. मीसुद्धा. किनुए शेगडीपाशी बसली होती. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं पाच कप करायचे, यासुजींनी ओळखायचे, असं सुरू झालं. चुकले की ती पुन्हा करायची. हे मला तिनंच पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पुढच्या वर्षी यासुजींना तीन मिळाले, १९७७ला पाच.

१९७९पासून बैठकीची वही माझ्याकडे आहे. पंचेचाळीस वर्षं मी कपांच्या क्रमाच्या चिठ्ठ्या काढते, पेटी उघडते, आकडे मांडते. बहुतेक वर्षी फुलाच्या जागी काताहिरांचा वरचा मळाच असतो. इतरांच्या रकान्यात फूल कधी बरोबर, कधी चूक. यासुजींच्या रकान्यात गेल्या वर्षापर्यंत फूल कधीच चुकलेलं नव्हतं. खात्रीसाठी मी दोनदा पाहिलं. एका वर्षी त्यांना सर्दी होती, तेव्हा पाचपैकी दोनच लागले. त्या दोनांत फूल होतं.

पण मळ्याचा कारभार मात्र किनुएचा. खुडणी कधी सुरू करायची हे एप्रिलअखेर ती ठरवायची. पहाटे वर जायची, एक कोंब खुडायची, चावायची आणि थुंकायची. खाली येऊन म्हणायची, "अजून नाही." किंवा म्हणायची, "उद्या." ती उद्या म्हणाली की यासुजी यंत्राला तेल घालायचे, पाला वाहायच्या, एकाच रुळावरून मळ्यात चढणाऱ्या छोट्या गाडीचं इंजिन चालू करून बघायचे, बायकांना निरोप द्यायचे. पन्नास वर्षं असंच चाललं.

गेल्या फेब्रुवारीत किनुए गेली. तीन आठवडे आजारी होती.

एप्रिलच्या तिसाव्या तारखेला यासुजी माझ्याकडे आले. दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या वह्यांत बघाल का जरा? किनुए खुडणी कुठल्या तारखेला सुरू करायची?"

"आत या आधी. तुम्हांला नाही आठवत?"

"तारीख कशाला लक्षात ठेवू? ती सांगायची, मी तेल घालायचो."

किनुए दर वर्षी पहिल्या चहाचं पाकीट मावसबहिणीला नागोयाला पाठवायची, म्हणून माझ्याकडे नोंदी होत्या. मी वह्या काढल्या. आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत गेलो. एका वर्षी सत्तावीस एप्रिल. एका वर्षी सहा मे. एकदा थंडी लांबली तेव्हा नऊ. सलग दोन वर्षं एकच तारीख कुठेही नव्हती. तिनं का थांबायचं ठरवलं किंवा का घाई केली, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

"काही नियम दिसत नाही," मी म्हटलं.

"तिचा नियम तिच्या तोंडात होता," यासुजी हसून म्हणाले. "बरं, मीही एक कोंब चावून बघतो."

"मग?"

"काल चावला. कडू लागला. सकाळी चावला. कडूच लागला. कुठल्या कडूला थांबायचं ते कळेना."

मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, दोन दिवस बघतो. मग पाऊस आला. मग शेजारच्या बायका दुसऱ्या मळ्यात गेल्या. वरच्या मळ्याची खुडणी अकरा मेला झाली. ती तारीख वहीत आहे, कारण मीही अर्धा दिवस खुडायला गेले होते. कोंब माझ्या बोटांना जरा निबर लागले. मला वाटलं, माझी बोटं म्हातारी झाली.

आता सानोबद्दल. सानो म्हणजे आमच्या सहकारी कारखान्याचा प्रमुख, बेचाळीस वर्षांचा, मोठ्या आवाजाचा, मनानं सरळ. कारखान्यात एक छोटं जुनं यंत्र आहे, वरच्या मळ्याचा पाला दर वर्षी त्यावर वेगळा वाफवतात, वेगळा वळतात. बाकी गावाचा पाला मोठ्या यंत्रात एकत्र जातो. ते छोटं यंत्र आता रुसायला लागलं होतं, आणि ते चालवणारा शेवटचा माणूस यंदा घरी बसणार होता. ऑक्टोबरात हारुएच्या खानावळीत, काळ्या रश्शात उकळलेल्या मुळ्याचं, मासळीच्या वड्यांचं ओदेन खाता खाता, सानोनं विषय काढला. मी कोपऱ्यात नूडल्स खात होते.

"काताहिरा-काका, रागवू नका. पुढच्या वर्षीपासून तुमचाही पाला मोठ्या यंत्रात घालूया का?"

"मिश्रणात?"

"मिश्रणात."

यासुजींनी रश्शातल्या मुळ्याचे चॉपस्टिकनं चार तुकडे केले. मग म्हणाले, "मिश्रणात जाणार असेल तर तो चढ कोण चढणार? खालचीच पानं पुरेत. वरचा मळा सोडून द्यावा लागेल."

"सोडा असं कुठे म्हणतोय मी?"

"तू नाही म्हणत. माझे गुडघे म्हणतात. त्या पाल्याचा वेगळा चहा होतो, म्हणून मी चढतो."

हारुए काउंटरमागून म्हणाली, "अहो, वेगळा आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. यंत्र दुरुस्त करा की."

"गावाला माहीत आहे," सानो म्हणाला, "पण खरं सांगू का, यंदाचा चहा मला..."

"काय तुला?"

"काही नाही."

"बोल रे."

"यंदाचा आणि मिश्रणाचा, दोन्ही शेजारी ठेवले तर फार फरक नाही वाटला."

खानावळीत इतर दोन-तीन माणसं होती, ती आपापल्या वाडग्यात बघू लागली. यासुजी हसले. त्यांच्या वरच्या दातांत एक सोन्याचा आहे, तो दिसला. "ठीक आहे. पुढच्या महिन्यात चौदा तारखेला बैठक आहे ना? फुलाच्या जागी माझा चहा ठेवा. पाहुण्याच्या जागी तुमचं मिश्रण. मला माझा चहा ओळखता आला नाही, तर पुढच्या वर्षी घाल मिश्रणात. मीच पोतं उचलून आणून देतो. ओळखला, तर यंत्र दुरुस्त करायचं. कबूल?"

"काका, असं कशाला..."

"कबूल का?"

"कबूल," सानो म्हणाला. तो ते ओशाळून म्हणाला, पण म्हणाला. आम्ही सगळे साक्षी.

मला त्या वेळी काळजी वाटली नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. पंचेचाळीस रकाने मी डोळ्यांनी पाहिले होते.

चौदा तारखेला हारुएनं दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर दारावर 'बंद'ची पाटी लावली. तीन टेबलं जोडली. तळणाचा वास जावा म्हणून सकाळपासून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. सात खेळणारे समोरासमोर बसले. यासुजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी केलेली होती. त्यांच्या शेजारी मोरिया सुतार.

"मासळीवाले, आज साबण लावलात का?" मोरिया म्हणाला. तो एकावन्न वर्षं हेच विचारतो आहे.

"दोनदा लावला. तू भुशाचा वास घालवून आलास का?"

ताटल्या फिरल्या. मी नावं सांगत गेले. फूल, काताहिरांचा वरचा मळा. पक्षी, दक्षिणेकडचा, सावलीत वाढवलेला. वारा, सपाटीवरच्या मळ्यांतला, खूप वाफवलेला. चंद्र, दूरच्या उजी गावचा. पाहुणा, आपल्या कारखान्याचं मिश्रण. प्रत्येकजण ताटली उजेडाकडे धरून बघत होता. सानोनं फुलाची ताटली हातात फार वेळ धरली, पानं बोटानं सारली. यासुजींकडे ती आली तेव्हा त्यांनी न बघताच पुढे सरकवली.

"बघा तरी," हारुए म्हणाली.

"स्वतःच्या पोराचं तोंड काय बघायचं? रस्त्यात पाठमोरं दिसलं तरी कळतं."

सगळे हसले. नंतर मी आत गेले आणि चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी फुलाची निघाली. मग वारा, पक्षी, चंद्र. शेवटी पाहुणा. क्रम फक्त मला आणि हारुएला माहीत.

भिंतीवर नियमांचा कागद आहे. तो माझ्याच अक्षरात आहे. पहिला कप आल्यापासून पेट्या संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. कप एकदाच मिळेल. पट्टी परत मिळणार नाही. सुंदर अक्षर आहे, सिस्टर मार्गारितांनी घोटून घेतलेलं.

हारुएनं पहिला चहा आणला. दीड मिनिट झालं की लगेच गाळून, सात छोट्या कपांत सारखा. यासुजींनी घोट घेतला. तोंडात फिरवला. किंचित भुवई उचलली, जशी आपण ओळखीच्या पण नावडत्या माणसाला पाहून उचलतो. मग पाचातली एक पट्टी काढली आणि लगेच पेटीत टाकली. बाकीचे अजून विचार करत होते.

पेटी माझ्याकडे आली. मी आतल्या टेबलाशी पाठ करून बसते, कोणाला दिसू नये म्हणून. पट्ट्यांच्या मागे खेळणाऱ्यांची नावं असतात. मी एकेक उलटवली. सानो, फूल. मोरिया, पाहुणा. तिसरी, चौथी. मग काताहिरा. पुढे उलटवली. पाहुणा.

मला आधी वाटलं मी चिठ्ठ्यांचा क्रम चुकवला. चिठ्ठी पुन्हा पाहिली. मग हारुएकडे पाहिलं. ती किटलीवर वाकली होती. तिनं माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि तिचा हात थांबला. तिनं तोंड उघडलं, मी मान हलवली, तिनं मिटलं.

त्या क्षणी ती पट्टी फक्त माझ्या हातात होती. मी वहीत काहीही लिहू शकले असते. पण चार कप अजून यायचे होते, आणि शेवटचा कप प्यायल्यावर त्यांना स्वतःलाच कळणार होतं. माझ्या वहीत काय लिहिलंय त्यानं काही फरक पडणार नव्हता. मी रकान्यात लिहिलं: पाहुणा.

दुसरा चहा गेला. तिसरा गेला. यासुजी मजेत होते. वारा बरोबर, पक्षी बरोबर. आपला चहा अजून आला नाही म्हणून त्यांनी मोरियाकडे पाहून बोटानं खूण केली, शेवटी येईल, बघ. बोलायचं नसतं, खुणा चालतात. चौथा उजीचा, तोही बरोबर. आता त्यांच्या हातात एकच पट्टी राहिली होती. त्यांनी ती टेबलावर उलटी ठेवली होती. शेवटच्या चहाची वाट बघताना ती सरळ केली. फुलाचं चित्र वर आलं.

हारुएनं पाचवा कप यासुजींपुढे ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

यासुजींनी कप नाकाशी नेला आणि तसाच धरला. घोट घेतला नाही. मग घेतला. मग दुसरा घेतला. मग कप खाली ठेवून टेबलाकडे बघत राहिले. मी इतक्या वर्षांत माणसं चुकलेली पाहिली आहेत. चुकल्यावर माणूस चेहरा वाकडा करतो, कपाळावर हात मारतो. यासुजींनी यातलं काही केलं नाही. ते पहिला कप जिथे होता त्या जागेकडे पाहू लागले. तिथे आता काही नव्हतं. हारुएनं कप उचलून नेले होते.

बाकीच्या सहा पट्ट्या पडल्या. पेटी त्यांच्यासमोर येऊन थांबली. बाहेर नदीच्या रस्त्यावरून एक लॉरी गेली. यासुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, हातात पेन. ते नियम मोडून बोलले, हळू.

"वहिनी, पहिला कप?"

मी मान खाली घातली. तेवढ्यानंच त्यांना सगळं कळलं.

हातात दुसरी पट्टी नव्हती. खेळ तसा सोडता येत नाही. त्यांनी फुलाची पट्टी उचलली, तिच्यावरचं चित्र अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं आणि परक्या चहाच्या पेटीत टाकली. लाकडाचा आवाज झाला.

आकडे मला मोठ्यानं वाचावे लागतात. मी वाचले. माझा आवाज रोजच्यासारखाच आला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. काताहिरा, तीन. फूल आणि पाहुणा उलटे.

"माझेही उलटे झालेत," मोरिया घाईनं म्हणाला. "अहो, आज कोणालाच धड लागत नव्हतं. पाणी जड आहे. हारुए, पाणी कुठलं घेतलंस?"

"नेहमीचंच."

"मग कप नीट धुतले नसशील."

"तुझं डोकं धू," हारुए म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सानो उठून यासुजींच्या बाजूला आला. "काका, मी ओळखला. खरंच. खाली, घशापाशी, ती चव आहे. आहेच. यंत्र आपण दुरुस्त करू."

"तू पानावरून ओळखलंस," यासुजी म्हणाले. "ताटली मघाशी किती वेळ धरून बसला होतास."

सानोनं मान डोलावली.

"काय दिसलं पानात?"

"जरा मोठं झालेलं. देठ दिसत होते."

"किती दिवस उशिरा खुडलंय? सांग. तू रोज पाला बघतोस."

"सांगता येत नाही नक्की."

"सांग रे."

"आठ. नऊ असतील."

"नऊ," यासुजी म्हणाले. ते नऊ त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. तीस एप्रिलला आम्ही दोघं वह्या उघडून बसलो होतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं उद्या म्हटलं असतं.

"मग त्यात काय!" सानोचा मोठा आवाज परत आला. "पुढच्या वर्षी लवकर खुडू. मळा तोच आहे, झाडं तीच आहेत. अट बिट काही नाही. पुढच्या वर्षी वेळेवर खुडू, छोट्या यंत्रावरच काढू."

"वेळेवर म्हणजे कधी?"

मोरिया म्हणाला, "वसंत सुरू झाल्यापासून अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीच्या आसपास. सगळं गाव तेव्हाच खुडतं."

"आसपास," यासुजी म्हणाले.

ते चिडून बोलले नाहीत. ते खरंच विचारत होते, कुणाला माहीत असलं तर. त्यांनी आम्हां सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. टेबलाभोवती आठ माणसं होतो आम्ही, सगळ्यांचा जन्म चहात गेलेला. कुणालाही त्या एका मळ्याचं उत्तर माहीत नव्हतं. ते एका बाईला माहीत होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. रोज दारावरून जायची ती. मी तिला हवेबद्दल विचारायची.

"घाल मिश्रणात," यासुजी सानोला म्हणाले. "मी बोललो होतो."

"काका..."

"घाल. म्हातारी माणसं चढावर पडली तर तुम्हांलाच उचलायला यावं लागेल."

मग त्यांनी हारुएकडे पहिला चहा पुन्हा मागितला. उरलेल्या पानांवर तिनं पाणी ओतून दिलं. सगळे ओदेन खात होते, हळू बोलत होते. ते तो कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"वहिनी, वाईट नाही हो हा," ते पिता पिता म्हणाले. "पिण्यासारखा आहे. पण कुणाचा आहे ते कळत नाही."

"घरी पीत असाल ना वर्षभर. तिथे कसं नाही कळलं?"

"घरी कुठे? यंदाचं पोतं मी उघडलंच नाही. तिनं गेल्या वर्षीचे दोन डबे भरून ठेवले होते. रोज एक चमचा घ्यायचो. जपून. गेल्या आठवड्यात संपला दुसरा."

"म्हणजे फेब्रुवारीपासून तोच?"

"तोच. मला काय माहीत, जिभेला तोच ठाऊक होता." त्यांनी कपात पाहिलं. "सकाळी दाढी करताना मी विचार करत होतो, पाहुण्याला कसं ओळखायचं. फुलाचा विचारच केला नाही."

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मुळे छान आहेत तुमचे. मोठे आहेत."

"लोणचं घाला," ते म्हणाले. "पाला टाकू नका, परतून भाजी होते."

ते उठले, बूट घातले, दारात खाली वाकले. एकावन्न वर्षांत चौकटीची सवय झाली आहे, आता डोकं लागत नाही. खिडकीतून मला ते नदीच्या पुलावर दिसले, तिथून वरचा मळा दिसतो. वाटलं थांबतील. थांबले नाहीत.

हारुएनं टेबलं पुसून परत वेगळी केली. पट्ट्या मी मोजून डबीत ठेवल्या. पाचही प्रकारचा थोडा थोडा कोरडा चहा उरला होता. तो दर वर्षी खेळणारे वाटून घेतात. या वेळी फुलाचं पाकीट कोणी उचललं नाही. ते टेबलावर तसंच राहिलं, म्हणून मी पिशवीत घातलं.

संध्याकाळी वहीत त्या दिवसाच्या खाली मी लिहिलं: "बैठकीतला उरलेला चहा, साधारण ऐंशी ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या हिरव्या डब्यात भरला. झाकण सैल आहे, आत कागदाची घडी घालून बसवलं."